खाडा तर कधीच भरून निघाला: रग्बीच्या दोन्ही घरांना खुलं पत्र

प्रति,
रग्बी फुटबॉल युनियन, ट्विकेनहॅम
आणि
रग्बी फुटबॉल लीग, मँचेस्टर
यांची संचालक मंडळं

विषय: १८९५ ची वाटणी मोडण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण मराठीत आहे. इंग्रजी प्रत टपालानं वेगळी पाठवली आहे. ही प्रत आमच्या माणसांसाठी. सुट्टीत इचलकरंजीला गेलो की प्रत्येक जण विचारतो, "पोरगा नक्की कुठलं रग्बी खेळतो रे तुझा?" आणि मी सांगायला लागलो की समोरच्याचा चहा गार होतो. रग्बी एक नाही, दोन आहेत, युनियन आणि लीग. एकदा सगळं लिहूनच टाकावं म्हटलं.

तुमच्या घरच्या भांडणात बोलणारा मी कोण, असं युनियनवाल्यांना वाटेल. त्यांना आठवण करून देतो की त्यांच्या कपाटात आमचे २७० रुपये आहेत. कलकत्त्याचा फुटबॉल क्लब १८७८ मध्ये बंद झाला, तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ती वितळवली आणि तिचा चषक घडवला. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी त्या कलकत्ता कपसाठी खेळतात. रुपये आमचे, तेव्हा दोन शब्द ऐकून घ्यायला हरकत नसावी.

लीगवाल्यांशी माझं नातं वेगळं आहे. ते खाड्याचं आहे.

माझे वडील यंत्रमागावर कामाला होते आणि कबड्डीत डावा कोपरा धरायचे. सांगली, कराडकडे सामने असले की शनिवारची पाळी बुडायची. मालक चांगला होता, खेळ बघायलाही यायचा, पण खाडा तो खाडा. आठवड्याच्या पगारातून तेवढे पैसे जायचेच. आईच्या हिशेबाच्या वहीत किराणा आणि रॉकेलच्या ओळींच्या खाली वडिलांच्या नावापुढे नुसतं 'खा' लिहिलेलं असायचं. कधी एक खा, कधी दोन. दोन असले की त्या आठवड्यात घरात कबड्डीचा विषय निघत नसे. ढाल मिळाली तरी नाही.

हडर्सफील्डला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी तुमचा इतिहास वाचला. ज्याला तुम्ही 'ब्रोकन टाइम' म्हणता तो आमचा खाडा आहे, हे मला दुसऱ्याच पानावर कळलं.

आमच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १८९० च्या दशकात इंग्लंडच्या उत्तरेला, म्हणजे यॉर्कशायर आणि लँकेशायरला, रग्बी खेळायचे ते गिरणीतले, खाणीतले आणि गोदीतले लोक. शनिवारी अर्ध्या दिवसाची पाळी असायची. सामना परगावी असला की ती पाळी जायची आणि मजुरीही जायची. यॉर्कशायरच्या क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की खेळाडूचा खाडा तेवढा भरून द्यावा. मानधन मागितलं नव्हतं, बक्षीसही नाही. सप्टेंबर १८९३ मध्ये युनियनच्या लंडनच्या सभेत हा ठराव आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. पाडणाऱ्यांमध्ये बहुतेकांना शनिवारी दुपारी कुठे हजेरी लावायची नव्हती.

२९ ऑगस्ट १८९५ ला उत्तरेतल्या क्लबांचे प्रतिनिधी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. तीच आजची लीग. एकूण २२ क्लब. खाड्याची भरपाई ठरली ती दिवसाला जास्तीत जास्त ६ शिलिंग. एवढ्यासाठी घर फुटलं.

मी रोज स्टेशनवरून बाहेर पडतो तेव्हा ते हॉटेल समोरच दिसतं. २०१३ मध्ये ते बंद पडलं. ज्या इमारतीत जगातला एक आख्खा खेळ जन्माला आला तिच्यासमोर उभं राहून लोक लीड्सची गाडी किती उशिरा आहे ते बघत असतात. मीही त्यातलाच.

बरं, फुटलं ते फुटलं. पण तुमच्याच देशात हाच प्रश्न आणखी दोन खेळांपुढे आला होता आणि तिथे घर टिकलं. फुटबॉलच्या संघटनेनं १८८५ मध्येच पैसे घेऊन खेळण्याला परवानगी दिली. क्रिकेटमध्ये बिनपैशाचे 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर्स' होते, त्यांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या आणि मैदानात यायचे दरवाजेही वेगळे. तो सगळा वेडेपणा १९६२ पर्यंत चालला. पण संघ एक होता आणि मैदानही एक. रग्बीनं मात्र दरवाजे वेगळे करण्यावर न थांबता मधे भिंतच घातली.

मग भावकीत होतं तेच झालं. वेगळं झालं की वेगळं दिसावं लागतं. उत्तरवाल्यांनी आधी लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करायची पद्धत, काढून टाकलं. १९०६ मध्ये १५ चे १३ खेळाडू केले. पुढे किती पकडींनंतर चेंडू सोडायचा याचीही मर्यादा आली, आधी चार आणि मग सहा. कबड्डी ठाऊक असलेल्याला लीग समजावणं म्हणूनच सोपं जातं. चेंडू घेऊन चढाई करायची, पकड झाली की उठायचं, पायानं चेंडू मागे सरकवायचा आणि पुन्हा चढाई. सहा पकडींत रेषा गाठली नाही तर चेंडू समोरच्याचा. युनियनमध्ये पकड झाली की खरी मारामारी तिथून पुढे सुरू होते. पडलेल्या माणसावर दोन्ही बाजूंचे गडी ओणवे होतात आणि ढिगातून चेंडू उपसतात. तिथे पकडींना मर्यादा नाही. ट्रायला, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, लीगमध्ये ४ गुण, युनियनमध्ये ५. एकात वेग जास्त, दुसऱ्यात डावपेच जास्त. मला स्वतःला लीग बघायला आवडतं आणि युनियनवर वाद घालायला आवडतो.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला 'रग्बी प्रीमियर लीग' झाली. माझ्या चुलतभावानं मोठ्या उत्साहानं फोन केला, "अरे, तुझं ते लीग इकडे आलं!" त्याला सांगावं लागलं की बाबा, नावात लीग आहे, पण खेळ युनियनचा आहे, आणि तोही १५ जणांचा नाही, ७ जणांचा. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे तिघं भाऊ आहेत होय?" बाहेरच्या माणसाला तुमचं घर असं दिसतं.

तिथवर विनोद होता. बहिष्काराचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. लीग खेळलेल्या माणसाला युनियननं जन्मभर दार बंद केलं. सैन्यदलात तर लीगला १९९४ पर्यंत अधिकृत मान्यता नव्हती. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारनं १९४१ मध्ये लीगवर थेट बंदी घातली आणि तिची मालमत्ता काढून घेतली. तो खेळ तिकडे आजही पूर्ण सावरलेला नाही. २०२५ चा लीग विश्वचषक भरवायचं कबूल करून फ्रान्सला २०२३ मध्ये माघार घ्यावी लागली.

त्याच महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये बंदी तात्पुरती सैल झाली, कारण लढायला दोघेही लागत होते. १९४३ मध्ये हेडिंग्लीला आणि १९४४ मध्ये ब्रॅडफर्डच्या ऑडसलला सैनिकांचे दोन सामने झाले. एका बाजूला लीगचे खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला युनियनचे. नियम युनियनचे. दोन्ही सामने लीगवाल्यांनी जिंकले. युद्ध संपलं आणि दार पुन्हा लागलं.

कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला बिली बॉस्टन हा काळा मुलगा. वेल्समध्ये युनियन म्हणजे धर्मच, पण कार्डिफच्या संघात आपल्याला घेणार नाहीत हे त्यानं ओळखलं होतं. १९५३ मध्ये विगन या लीगच्या क्लबनं त्याला ३,००० पौंड देऊन नेलं आणि त्यानं विगनसाठी ४७८ ट्राय केल्या. त्याच शहरातला क्लाइव्ह सलिव्हन १९७२ मध्ये ब्रिटनच्या लीग संघाचा कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकून आला. ज्यांना एका घरानं ओसरीवरही बसू दिलं नाही, त्यांना दुसऱ्यानं पाटावर बसवलं, हे लीगवाल्यांनी अभिमानानं सांगावं. बॉस्टन २०२५ मध्ये 'सर' झाले. लीगच्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला. वाटणी होऊन तोवर १३० वर्षं उलटली होती.

आता मुद्द्यावर येतो. ऑगस्ट १९९५ मध्ये, जॉर्ज हॉटेलच्या सभेची शंभरी भरायला मोजके दिवस उरले असताना, युनियननं जाहीर केलं की यापुढे खेळाडूंना उघड पैसे मिळतील. ज्या कारणासाठी भांडण झालं ते कारण त्या दिवशी मेलं. खाडा भरून निघाला. भाऊ भाऊ त्याच संध्याकाळी एकत्र जेवायला बसायला हवे होते.

तुम्ही जेवायला बसला नाहीत, पण एकमेकांच्या ताटातलं मात्र उचलायला लागलात. मे १९९६ मध्ये लीगचं विगन आणि युनियनचं बाथ यांच्यात दोन सामने झाले. मँचेस्टरला लीगच्या नियमांनी विगन ८२-६ नं जिंकलं, ट्विकेनहॅमला युनियनच्या नियमांनी बाथ ४४-१९ नं. सगळे म्हणाले, बघा, दोन वेगळे खेळ आहेत. पण त्याच महिन्यात विगन मिडलसेक्स सेव्हन्सला गेलं, युनियनच्याच सात जणांच्या स्पर्धेत, आणि जिंकून आलं. मैदानात माणसं कमी केली की भिंत कुठे होती तेही आठवत नाही.

आणि २००३ ची सिडनीतली अंतिम लढत? इंग्लंडनं युनियनचा पुरुषांचा विश्वचषक जिंकला तो एकदाच, तेव्हा. २०-१७. त्या सामन्यात दोनच ट्राय झाल्या. ऑस्ट्रेलियाकडून लोटे टुकिरीनं केली, इंग्लंडकडून जेसन रॉबिन्सननं. दोघेही लीगमधून आलेले. इंग्लंडचा बचाव बसवणारे फिल लार्डर हेही लीगचे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका जिंकणाऱ्या लायन्सचे, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्र युनियन संघाचे, प्रशिक्षक अँडी फॅरेल म्हणजे विगनचे जुने कर्णधार. लांबून मारलेली किक टप्पा खाऊन समोरच्याच्या टोकाशी बाहेर गेली तर चेंडू मारणाऱ्याच्याच संघाला, हा '५०:२२' नियम युनियननं २०२१ मध्ये आजमावायला घेतला, तो लीगच्या '४०/२०' वरूनच सुचलेला. माणसं घेतली, नियम घेतले. घरात घेतलं नाही ते फक्त नाव.

दोघांपैकी एकाची तरी भरभराट झाली असती तर मी गप्प बसलो असतो. युनियनमध्ये २०२२ च्या शरदात वूस्टर आणि वॉस्प्स दिवाळखोरीत गेले, २०२३ मध्ये लंडन आयरिश गेला. १३ क्लबांची प्रीमियरशिप १० वर आली. लीगमध्ये फेब्रुवारी २०२५ ला सॅलफर्डला पैशाच्या अडचणीतून आलेल्या मर्यादेपायी कच्ची पोरं उतरवावी लागली आणि सेंट हेलेन्सनं त्यांना ८२-० नं झोडपलं. अर्धा एकर दोघांत वाटून दोघेही विहीर खणत बसलेले आमच्या गावानं पाहिले आहेत. पाणी कुणालाच लागत नाही.

पण माझं खरं गाऱ्हाणं पैशाचं नाही.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. दोन्ही खेळतो. युनियनचा मोसम सप्टेंबर ते एप्रिल, लीगचा वसंतापासून उन्हाळाभर. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही एकमेकांवर चढतात. दोन क्लब, दोन अर्ज, दोन वर्गण्या, दोन मोबाइल अॅप. गेल्या मार्चमध्ये शनिवारी लीगच्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार लागला. पडला, उठला, हसला, आणि मग आपण कुठल्या बाजूला खेळतोय हेच त्याला आठवेना. तिथल्या प्रशिक्षकानं त्याला लगेच बाहेर बसवलं. त्यात कुणाची चूक नाही. इथल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निदान २१ दिवस सामना नाही, हे मला माहीत होतं. पण रविवारी सकाळी युनियनच्या क्लबच्या यादीत त्याचं नाव होतं. तंदुरुस्त, दुसऱ्या रांगेत. मी विचारलं, तुम्हाला कळलं नाही का? त्या भल्या माणसानं टॅबलेटवर बोट फिरवून दाखवलं, "आमच्याकडे नोंदच नाही." खरंच नव्हती. नोंद दुसऱ्या घरात होती. मी मैदानावर होतो म्हणून पोरगं बाकावर बसलं. एखाद्या आईबापांना शिफ्ट असती, गाडी नसती, भाषा येत नसती तर?

तिकडे मोठ्यांचं काय चाललंय? डोक्याला बसलेल्या माराबद्दल दोन्ही खेळांचे माजी खेळाडू न्यायालयात गेले आहेत आणि त्यांची वकील कंपनीही एकच आहे. युनियनच्या विश्वविजेत्या संघातला स्टीव्ह थॉम्प्सन सांगतो की २००३ चा तो अंतिम सामना त्याला आठवत नाही. मेंदूला लीग कळत नाही आणि युनियनही कळत नाही. प्रतिवादी तेवढे वेगवेगळे.

१४ मे २०२३ ला मी हेडिंग्लीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला उभा होतो. आमच्या लोकांना हेडिंग्ली ठाऊक आहे ते क्रिकेटचं. तिथला एक स्टँड असा आहे की पुढे बसलं तर क्रिकेट आणि मागे वळून बसलं तर रग्बी. त्या दिवशी लीड्सची मॅरेथॉन होती. केव्हिन सिनफिल्ड, लीड्सच्या लीग संघाचा जुना कर्णधार, आपला सहकारी रॉब बरो याला खुर्चीत बसवून २६ मैल ढकलत आला. रॉब उंचीनं साडेपाच फुटांच्या आत, पण मैदानावर भिंगरी. त्याला मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा, आजार झाला होता. शेवटच्या रेषेच्या आधी सिनफिल्डनं खुर्ची थांबवली, पट्टा सोडला, रॉबला लहान मुलासारखं उचललं आणि रेषेपार नेलं. मग त्याच्या गालाचा मुका घेतला. त्या दिवशी हा सिनफिल्ड इंग्लंडच्या युनियन संघाचा बचाव प्रशिक्षक होता. रॉबला आजाराचं निदान झालं तेव्हा त्याला भेटून धीर देणारा डॉडी विअर हा स्कॉटलंडच्या युनियनचा खेळाडू, त्यालाही तोच आजार. २०२२ मध्ये डॉडी गेला, २०२४ मध्ये रॉब. रस्त्यावर माझ्या शेजारी एक म्हातारी उभी होती, गळ्यात ऱ्हायनोजचा, म्हणजे लीड्सच्या लीग संघाचा, मफलर. ती डोळे पुसत होती. तिच्या पलीकडचा माणूस ऑटली क्लबच्या, म्हणजे युनियनच्या, जर्सीत होता. तिला रुमाल त्यानंच दिला.

तर मागणी काय? दोन्ही खेळ घोटून एक काढा करा असं मी म्हणत नाही. स्क्रम (दोन्ही बाजूंच्या गड्यांची गुंतून होणारी रेटारेटी) काढा, सहा पकडी घाला, १४ खेळाडू ठेवा, असले तोडगे हॉटेलच्या टेबलावर छान दिसतात. २००३ मध्ये युनियनचं सेल आणि लीगचं सेंट हेलेन्स अर्धा वेळ या नियमांनी आणि अर्धा वेळ त्या नियमांनी खेळले, सेलनं ४१-३९ नं जिंकलं, लोक खूश होऊन घरी गेले आणि विसरले. नियमांचं पुढचं पुढे.

आधी घर एक करा. संघटना एक, तिच्यात १३ जणांचा विभाग आणि १५ जणांचा विभाग. क्रिकेटचं एकच मंडळ कसोटीही चालवतं आणि वीस षटकांचंही. तिथे कुणी कुणाला बाटगा म्हणत नाही. मुलांची नोंदणी एक, विमा एक, आणि उद्याच्या उद्या करता येईल ती गोष्ट म्हणजे डोक्याच्या दुखापतीची नोंदवही एक. दर्जा दोन्हींचा सारखा, मतंही निम्मी-निम्मी, म्हणजे कुणी कुणाला गिळायचं नाही.

आमच्याकडे कुस्तीत मातीचा पैलवान वेगळा आणि गादीचा वेगळा. पायाची पकड वेगळी, श्वास वेगळा, वेळेचं गणित वेगळं. महाराष्ट्र केसरीत दोन्ही विभागांच्या कुस्त्या स्वतंत्र होतात आणि शेवटी मातीचा विजेता आणि गादीचा विजेता एकमेकांना भिडतात. गदा एकच. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला गादीचा शिवराज राक्षे आणि मातीचा महेंद्र गायकवाड अशी शेवटची लढत झाली आणि शिवराजनं गदा खांद्यावर घेतली. मातीवाल्यांनी त्यासाठी माती सोडली नाही. (आमचंही सगळं शहाणपणाचं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी संघटनेत गट पडले आणि दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. त्यामुळे दोन गदांचा वैताग काय असतो तेही आम्हाला ठाऊक आहे.)

उत्तरेतल्या माझ्या मित्रांची भीती मला समजते. ते म्हणतात, ट्विकेनहॅमवाले श्रीमंत, ते आपल्याला पोटात घालतील आणि ढेकरही देणार नाहीत. जन्मभराच्या बंदीच्या आठवणी त्यांच्या घराघरात आहेत. पण सिडनीला जाऊन बघा. तिथे लीग थोरला आहे आणि युनियन हात पसरतोय. पापुआ न्यू गिनीत तर लीग हा राष्ट्रीय खेळ आहे. कोण कुणाला गिळणार हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं.

दुसरे म्हणतात, लीड्सनं हे करून पाहिलं. खरं आहे. १९९८ पासून हेडिंग्लीला दोन्ही संघ एका छताखाली होते. २००५ मध्ये युनियनच्या संघानं कपही जिंकला. मग तो खाली खाली घसरला आणि छत सोडून गेला. माझ्या मते छत एक होतं, पण वेळापत्रकं दोन होती, टीव्हीचे करार दोन आणि वर संघटनाही दोन. एका भाड्याच्या खोलीत दोघांना कोंबलं म्हणून त्याला एकत्र कुटुंब म्हणत नाहीत.

बंदी घालायची सवय तुमची अजून गेलेली नाही, हेही लिहून ठेवतो. २०२५ मध्ये एक तिसराच गट नवी स्पर्धा काढायला निघाला. युनियनच्या बड्या देशांनी बजावलं की तिकडे गेलात तर राष्ट्रीय संघ विसरा. ऑस्ट्रेलियातल्या लीगवाल्यांनी तर १० वर्षांची बंदी जाहीर केली. दोन्ही भावांचे सूर जुळले ते कशावर, तर तिसऱ्याला वाळीत टाकण्यावर. १८९५ ला लंडनवाले जे बोलत होते, तेच आता सिडनीचे लीगवाले बोलतात. जॉर्ज हॉटेलातल्या कुणी हे ऐकलं असतं तर त्याला घासच गिळला नसता.

मुहूर्तही आहे. २०२६ चा लीग विश्वचषक ऑस्ट्रेलियात, थोडा पापुआ न्यू गिनीत. २०२७ चा युनियनचा विश्वचषक पुन्हा ऑस्ट्रेलियातच. दोन्ही घरची वऱ्हाडं लागोपाठ एकाच मांडवात उतरतायत. बोलणी करायला यापेक्षा सोयीची वेळ मिळणार नाही.

पहिली बैठक हडर्सफील्डलाच घ्या. शनिवारी नको, शनिवारी सामने असतात. कामाच्या दिवशी घेतलीत आणि कुठल्या हौशी क्लबच्या सचिवाला त्यासाठी रजा टाकावी लागली, तर त्याचा खाडा दोघांनी निम्मा-निम्मा भरून द्यावा.

तेवढं होईपर्यंत एक लहानसं काम आहे. सप्टेंबरला मुलाचा अर्ज पुन्हा भरायचा आहे. 'मागील दुखापती' या रकान्यात मी दोन्ही क्लबांच्या फॉर्मवर तेच हातानं लिहिणार आहे, गेल्या वर्षीसारखं. तो कागद एकमेकांकडे पोचवायची काही सोय होईल का, तेवढं उलट टपाली कळवावं.

आपला,
एका खेळाडूचा बाप
हडर्सफील्ड (मूळ इचलकरंजी)